मधली भिंत

"वॉरटाइम घर आहे हे. पाच वर्षांसाठी बांधलेलं. इतकं वाकणारच," एजंट म्हणाला आणि घर घ्यायला आलेल्या नवरा-बायकोनं मान डोलावली. मी तेव्हा वरच्या मजल्यावर गुडघ्यांवर बसून लेझर लेव्हलचे आकडे वहीत उतरवत होतो. बाहेरच्या भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत येईतो जमीन सव्वा इंच उतरली होती. त्या सव्वा इंचाचं खापर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या सुतारांच्या डोक्यावर फुटत होतं, आणि तोवर मी जे पाहिलं होतं त्यावरून ते काम त्यांचं असणं शक्य नव्हतं. ही तपासणी होऊन बरेच महिने झाले तरी ती मनातून जात नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी कॅनडात टोरांटोच्या पूर्वेला, डरहॅम भागात होम इन्स्पेक्टर आहे. इथे घराची ऑफर मान्य झाली की बहुतेक वेळा हातात मोजके कामाचे दिवस मिळतात. तेवढ्यात आमच्यासारख्याला बोलवायचं, अहवाल वाचायचा आणि पुढे जायचं की माघार घ्यायची ते ठरवायचं. बाहेरच्या लोकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते, ती म्हणजे आम्हाला काहीही उघडून बघता येत नाही. घर अजून दुसऱ्याचं असतं. भिंत फोडायची नाही, ड्रायवॉलला, म्हणजे भिंतीवरच्या जिप्समच्या पुठ्ठ्याला, भोक पाडायचं नाही, खिळा उपसायचा नाही. त्यामुळे आमचं सगळं काम उघड्या राहिलेल्या जागांवर चालतं. माळ्याचं झाकण, जिन्याखालचं कपाट, टबाच्या नळामागची फळी, बेसमेंटमधला न झाकलेला कोपरा. जुनं घर घेऊन, चकचकीत करून सहा महिन्यांत विकणारे लोक नेमके हेच कोपरे आधी बुजवतात.

शिवाय ऑन्टॅरिओत या कामाला सरकारी परवाना लागत नाही. 2017 साली विधिमंडळाने त्यासाठी कायदा मंजूर केला, पण तो अंमलात आलेला मला अजून दिसलेला नाही. त्यामुळे जीव ओतून काम करणारे आणि थोडंफार शिकून बाजारात उतरलेले, दोघं एकाच रांगेत. अहवाल लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार वाक्यं असतात. त्यात ‘घराच्या वयानुसार झालेली खचण, चिंतेचं कारण नाही’ अशा अर्थाचं एक वाक्य आहे. जुन्या घरात जमीन उतरती दिसली की ते टिचकीसरशी घालता येतं, आणि अनेक जण घालतात. या वाक्यानं जितकी घरं निर्दोष सुटली आणि जितकी उगाच बदनाम झाली, त्याचा मला मनापासून राग आहे.

हे घर एजॅक्समधलं. 401 हायवेच्या दक्षिणेला, हारवूड अव्हेन्यूपासून फार लांब नाही. दीड मजली, उभ्या उताराच्या छपराचं, खाली साधारण 24 बाय 28 फुटांची जागा. या गल्ल्यांमध्ये अशी घरं अजून ओळीनं दिसतात, आणि मधेच एखादं पाडून त्या जागी प्लॉट भरून उरणारं तीन गॅरेजचं घर उभं राहिलेलं दिसतं. आमचं घर बाहेरून जुनं आणि आतून कोरं करकरीत होतं. राखाडी व्हिनाइलची जमीन, पांढरा क्वार्ट्झचा ओटा, छतभर पॉट लाइट. खालचा मजला म्हणजे स्वयंपाकघर आणि बैठक मिळून एक मोठं दालन. फोटोत ते फार सुंदर दिसतं. जोडप्याला याच दालनानं भुरळ घातली होती. दोघं नाशिकची, पहिलंच घर, आणि सोबत तिचे बाबा. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, लेकीकडे काही महिन्यांसाठी आलेले.

बाबांनी आल्या आल्या भिंतीवर बोटाची पेरं वाजवली. "साहेब, आत पोकळ आहे हो. लाकडाचा सांगाडा आणि वर पुठ्ठा. याला हे लोक इतके पैसे मागतात?"

"काका, इथली जवळजवळ सगळी घरं अशीच. लाकूड नीट जोडलेलं असलं आणि कोरडं राहिलं, तर शंभर वर्षं काही होत नाही."

"पण हे तर टेंपररी म्हणतायत ना? बांधलं कुणी?"

हा प्रश्न मला सहसा कुणी विचारत नाही. आपले लोक दाराची दिशा विचारतात, ओट्याची दिशा विचारतात, शाळा कुठली ते विचारतात. म्हणून मी हातातलं काम थांबवून सांगितलं, आणि ते इथेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

1941 च्या आधी एजॅक्स नावाचं गावच नव्हतं. पिकरिंग टाउनशिपमधली ही शेतजमीन होती. युद्धात तोफगोळे भरण्यासाठी सरकारनं ती ताब्यात घेतली आणि सुमारे 2,800 एकरांवर डिफेन्स इंडस्ट्रीज लिमिटेडचा कारखाना उभा राहिला. त्याचे स्वतःचे 30 मैलांचे रूळ, 30 मैलांचे रस्ते, स्वतःचं पाणी शुद्धीकरण, स्वतःची सांडपाण्याची व्यवस्था. भर जोरात होता तेव्हा तिथे 9,000 माणसं काम करत होती, त्यात बायका मोठ्या संख्येनं. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुली इथे आल्या. युद्ध संपेपर्यंत या कारखान्यानं 4 कोटी गोळे भरले. वस्तीला नाव हवं होतं तेव्हा कामगारांनीच ते सुचवलं. डिसेंबर 1939 मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत एक्सेटर आणि अकिलीज या दोन जहाजांबरोबर ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला भिडलेली ब्रिटिश युद्धनौका एजॅक्स, तिचं नाव. हारवूड हा त्या तुकडीचा प्रमुख. इथल्या कित्येक रस्त्यांना तिच्या खलाशांची नावं आहेत.

एवढ्या माणसांना राहायला जागा कुठून आणायची? एकट्या बायकांसाठी वसतिगृहं झाली, आणि कुटुंबांसाठी सुमारे 600 घरं. ती बांधली वॉरटाइम हाउसिंग लिमिटेडनं. फेब्रुवारी 1941 मध्ये युद्धसामग्री मंत्री सी. डी. हाऊ यांच्या खात्याखाली ही सरकारी कंपनी काढली गेली आणि तिच्या प्रमुखपदी हॅमिल्टनचे बांधकाम व्यावसायिक जोसेफ पिगॉट यांना बसवलं. नकाशे अगदी मोजके. दोन बेडरूमचं बैठं घर आणि चार बेडरूमचं दीड मजली घर, हेच फिरून फिरून, हॅलिफॅक्सपासून व्हँकूव्हरपर्यंत. जमिनीचे, भिंतींचे, छपराचे तुकडे शेडमध्ये आधी तयार करायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे. भाडं महिन्याला वीस-तीस डॉलरच्या घरात. 1947 पर्यंत देशभर अशी सुमारे 26,000 घरं उभी राहिली.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ही घरं तात्पुरती होती ती सुतारकामामुळे नव्हे, धोरणामुळे. सरकारनं कायमची भाड्याची घरं बांधली तर आपला धंदा बसेल अशी खासगी बिल्डरांना भीती होती, आणि अर्थखात्याचाही सरकारी घरबांधणीला विरोध होता. गावांनाही युद्ध संपल्यावर आपल्या गळ्यात रिकामी झोपडपट्टी पडायला नको होती. म्हणून ठरलं की युद्ध संपलं की घरं उचलून न्यायची. तळघर नाही, काँक्रीटचा पाया नाही, जमिनीत रोवलेल्या खांबांवर घर ठेवायचं, ते याचसाठी. पण वरचं घर? ते बांधणाऱ्यांनी जसं घर बांधायला हवं तसंच बांधलं. घरांची टंचाई तशीच राहिली, युद्धावरून परतलेले सैनिक आले, आणि उचलून न्यायची घरं भाडेकरूंना विकली गेली. मग लोकांनी घर तसंच जॅकवर उचलून खाली तळघर खणलं. कारखान्याच्या इमारतींत तर 1946 पासून टोरांटो विद्यापीठानं परतलेल्या सैनिकांसाठी अभियांत्रिकीचे वर्ग भरवले. गोळे भरायच्या जागी वर्कशॉप आणि प्रयोगशाळा. 1949 मध्ये शेवटचे विद्यार्थी गेले आणि मागे जे उरलं त्यातून आजचं शहर वाढलं.

बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या खात्यात करतात तसंच. कागदावर तात्पुरतं, आणि रिटायर होईपर्यंत आम्ही त्याचीच डागडुजी करतो."

मला या घरांबद्दल ओढ वाटते त्याला घरचं कारण आहे. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. 1869 सालचा तो कारखाना. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. गेटवर काडेपेटी काढून ठेवायची, कपडे बदलून आत जायचं, हे वडिलांच्या बोलण्यातून आमच्या कानावरून गेलेलं. भिंतीपलीकडे दारू भरली जाते आणि आपण दोन खोल्यांत पाट मांडून जेवतोय, यात आम्हाला काही वेगळं वाटत नसे. एजॅक्सच्या गल्लीत पहिल्यांदा आलो तेव्हा घरांची ती एकसारखी रांग बघून मला कळलं की इथेही तसंच जेवण झालेलं आहे. पगार, भाडं, कामाची पाळी, मुलं. मोठ्या लोकांच्या जुन्या हवेल्यांवर पाट्या लागतात. चार कोटी गोळे भरणाऱ्यांची घरं मात्र विक्रीच्या जाहिरातीत ‘पाडून बांधायला उत्तम’ म्हणून येतात.

तर तपासणी. मी नेहमी खालून सुरुवात करतो. बेसमेंटची जमीन आणि भिंती नंतरच्या, काँक्रीट ब्लॉकच्या. निम्मा भाग ड्रायवॉलनं झाकलेला, पण घर गरम करणाऱ्या भट्टीच्या बाजूला वरची मूळ जमीन खालून उघडी होती, आणि ती बघताना मला आनंद झाला हे सांगायला हवं. मूळ तुकड्यांचे जोड स्पष्ट दिसत होते. दोन तुकडे जिथे भिडतात तिथे दोन जॉइस्ट, म्हणजे जमीन पेलणारे आडवे वासे, पाठीला पाठ लावून, ठरावीक अंतरानं खिळे. एका जॉइस्टवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं घातलेला आकडा होता, हा तुकडा कुठे बसवायचा ते सांगणारा. लाकूड डग्लस फर, वाढीच्या रेषा इतक्या जवळजवळ की आजच्या लाकूडवखारीत तसं मिळत नाही. ओलावा मोजला, 11 टक्क्यांच्या आसपास. बुरशी नाही, चीर नाही, किडीचा मागमूस नाही. मी सगळ्या जॉइस्टच्या खालून दोरी धरून पाहिली. पाच वर्षांसाठी म्हणून बांधलेली जमीन ऐंशी वर्षांनंतर सरळ होती.

मधोमध, घराच्या लांबीत, मूळ जाड बीम आणि त्याखाली पोलादी खांब, ज्यांना आम्ही टेलिपोस्ट म्हणतो. तीन जुने, आणि एक नवा. नवा खांब बाकीच्यांच्या ओळीतच होता पण अंतर विचित्र होतं, दोन खांबांच्या मधेच कुठेतरी. त्याचा स्क्रू जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर काढलेला, वरची पट्टी बीमला जोडलेली नाही, आणि खालून तो थेट बेसमेंटच्या पातळ स्लॅबवर उभा. त्याच्या पायाशी स्लॅबला चांदणीसारखी तडकलेली चीर. कुणीतरी घाईनं काहीतरी तोलून धरलं होतं. काय, ते खालून दिसत नव्हतं.

पहिल्या मजल्यावर आलो आणि त्या सुंदर दालनाच्या मध्यावर उभा राहून वर पाहिलं. सपाट छत. एकही बीम खाली आलेला नाही. या नकाशाची घरं मी इतकी पाहिली आहेत की डोळे मिटूनही खोल्या मांडता येतील. पुढच्या आणि मागच्या खोल्यांच्या मधून घराच्या मधोमध एक भिंत जाते. वरच्या मजल्याचे जॉइस्ट पुढच्या भिंतीपासून तिच्यापर्यंत 12 फूट आणि तिच्यापासून मागच्या भिंतीपर्यंत 12 फूट येतात, आणि तिच्या डोक्यावर एकमेकांवर चढून बसतात. त्या जॉइस्टच्या जाडीला 12 फूट जमतात, 24 फूट कदापि जमणार नाहीत. मधली भिंत हा या घराचा कणा आहे. इथे ती 14 फूट लांबीत गायब होती.

भिंत काढणं गैर नाही. इंजिनिअरकडून बीमचा आराखडा करून घ्या, परमिट घ्या, दोन्ही टोकांना भार खाली पायापर्यंत नेणारे खांब द्या, नगरपालिकेचा माणूस बघून जाईल, मग छत लावा. प्रश्न इतकाच होता की यातलं काय केलं गेलंय, आणि छत तर बंद होतं.

उत्तर जिन्याखालच्या कपाटात मिळालं. तिथे झाडू आणि रंगाचे डबे ठेवलेले, आणि आतून ड्रायवॉल लावायचा कुणी कंटाळा केला होता. टॉर्च मारला तर बरोब्बर काढलेल्या भिंतीचं टोक. जॉइस्ट मध्यावर कापून, छताच्या जाडीतच बसवलेल्या एका बीमला टांगलेले. बीम म्हणजे नावाला दोन बाय आठ इंचांच्या दोन फळ्या, एकमेकींना चिकटवलेल्या. जुने जॉइस्ट एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच जाड होते, युद्धकाळातलं लाकूड त्याच मापाचं येई. या फळ्या नेमक्या दीड इंचाच्या, पांढुरक्या, आणि त्यांवर आजच्या लाकूड गिरणीचा शिक्का. म्हणजे वय ठरलं. जॉइस्ट टांगायच्या पोलादी हँगरला खिळ्यांची भोकं असतात, प्रत्येकात ठरलेला जाड खिळा जायला हवा. इथे अर्धी भोकं रिकामी आणि उरलेल्यांत ड्रायवॉलचे काळे स्क्रू. ते स्क्रू पुठ्ठा धरायला असतात. आडवा भार आला की न वाकता एकदम तुटतात. आणि बीमचं हे टोक कशावर बसलंय? दोन बाय चारच्या एका उभ्या लाकडावर. तो उतरला होता खालच्या जमिनीच्या फळीवर, आणि त्या फळीखाली, बेसमेंटमध्ये, तो नवा टेलिपोस्ट.

मी बाहेर येऊन बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा सावरला, कपाटात डोकं घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग तिथेच खाली बसून खिशातल्या कागदावर हिशेब मांडला. मी त्यांना इथला भार सांगितला: झोपायच्या खोल्यांसाठी चौरस फुटाला 30 पाउंड, लाकडाचं आणि ड्रायवॉलचं स्वतःचं वजन धरून 40. बीमवर दोन्ही बाजूंनी सहा-सहा फुटांचा भार, म्हणजे दर फुटाला 480 पाउंड, आणि लांबी 14 फूट. बाबांनी पाउंडांचे किलो केले, मग कंटाळून परत पाउंडच ठेवले.

"अहो, लाकडाला जेवढं सोसतं त्याच्या चौपट ताण येतोय. कागदावर हा बीम उभाच राहत नाही."

"वरच्या खोल्या रिकाम्या आहेत, काका. म्हणून उभा आहे. एवढ्याशा भारानंच सव्वा इंच बसलाय."

"म्हणजे आम्ही राहायला आलो, कपाटं भरली, माणसं जेवायला बोलावली, की..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. टोकाला जवळजवळ दीड टन भार त्या एका काठीवर येणार होता. मी वर गेलो आणि छपराच्या उताराखालच्या बुटक्या दारांतून आत सरपटून दोन्ही बाजूंचे वासे पाहिले. सरळ, कोरडे, आढ्याशी घट्ट. त्यामुळे चित्र पूर्ण झालं. खालची मूळ जमीन सरळ, वरचं मूळ छप्पर सरळ, आणि मधल्या मजल्याला बाक, तोही फक्त जिथे भिंत काढली तिथे. जुन्या घराचं वय झालं म्हणून ते असं निवडून एकाच खोलीत बसत नाही.

एजंटला मी हे सगळं दाखवलं. तो वाईट माणूस नव्हता. पण व्यवहार पूर्ण झाला तरच त्याला पैसे मिळतात, आणि ज्याचं पोट एका उत्तरावर अवलंबून आहे त्याला दुसरं उत्तर दिसायला वेळ लागतो. तो पुन्हा म्हणाला, की वॉरटाइम घरांत थोडं इकडेतिकडे असायचंच, अहवालात जरा सौम्य लिहा. मी त्याला सांगितलं की या घरात युद्धकाळातलं जेवढं आहे तेवढं शाबूत आहे, आणि जे धोक्याचं आहे ते अलीकडचं. अहवालात तेच गेलं, फोटो आणि मापांसकट. तयार वाक्य एकही वापरलं नाही.

बाबांनी निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, तुम्ही आमच्या जागी असता तर?"

घ्या किंवा नका घेऊ हे आम्ही सांगत नाही, सांगूही नये. मी म्हणालो, घर चांगलं आहे, ही शस्त्रक्रिया वाईट झालीय. इंजिनिअर आणून, छत उघडून, योग्य बीम घालून, बेसमेंटमध्ये दोन ठिकाणी खांबांखाली नीट फुटिंग, म्हणजे काँक्रीटचा पाया, ओतून ते सुधारता येतं. घराच्या किमतीपुढे तो खर्च मोठा नाही. पण तोपर्यंत वर कुणी झोपू नये.

जोडप्यानं दुरुस्तीसाठी किंमत कमी करायला सांगितलं. विकणाऱ्यानं नकार दिला. मग त्यांनी माघार घेतली, अनामत परत मिळाली. त्यांच्यापुरतं प्रकरण संपलं, आणि माझं तिथून सुरू झालं.

कारण यानंतर काय होतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. अहवाल माझ्या गिऱ्हाइकाची मालमत्ता असतो. त्यांच्या परवानगीशिवाय मी तो कुणालाही दाखवू शकत नाही, पुढच्या खरेदीदारालाही नाही. आणि विकणाऱ्याच्या बाजूचा एजंट तो अहवाल वाचायलाच तयार नसतो. माघारीचं कारण कळवताना आमच्या एजंटनं अहवाल पाठवू का म्हणून विचारलं, तर पलीकडून स्पष्ट उत्तर आलं: पाठवू नका. एखादा मोठा छुपा दोष एजंटला कळला की तो पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणं त्याच्यावर बंधनकारक होतं. कळलंच नाही तर बंधन नाही. ही पळवाट इतकी रुळलेली आहे की पाठवू नका म्हणताना कुणाचा आवाजही बदलत नाही. एखाद्या घरात माणसं झोपणार आहेत, त्यांच्या खालचा बीम भार सोसणारा नाही, हे चार माणसांना माहीत आहे, आणि पाचव्याला ते कळू नये म्हणून व्यवस्था आहे.

घर पुन्हा बाजारात आलं. तेच फोटो, तेच दालन. वर्णनात ‘भक्कम वॉरटाइम बांधणी’. मला ते वाचून झोप लागली नाही. ज्या बांधणीचा कणा काढला तिच्याच नावावर घर विकायला काढलं होतं.

मी नाशिकच्या त्या मुलीला फोन केला आणि विचारलं की त्या एका पानाचा, फक्त बीमच्या पानाचा, उपयोग मला करू द्याल का. ती म्हणाली, "दादा, आम्ही तर सुटलो. पण उगाच कोर्टकचेरी मागे लागेल का?" शंका रास्त होती. तिच्या नवऱ्याला नको वाटत होतं, इथे नागरिकत्वाचा अर्ज चालू, कशाला भानगड. शेवटी बाबाच फोनवर आले. "द्या लिहून त्यांना," ते मुलीला म्हणाले, मला ऐकू आलं. "उद्या कुणी लेकुरवाळी तिथे राहायला गेली तर?" दोघांनी सही करून परवानगी पाठवली.

मग मी ते पान, कपाटातल्या फोटोंसह, नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे पाठवलं. परमिटशिवाय झालेल्या कामाची तक्रार तिथे कुणालाही करता येते. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. पुढे काय होतं ते तक्रारदाराला सांगत नाहीत, आणि तेही बरोबरच आहे, कारण ते घर माझं नाही. काही आठवड्यांनी घराची जाहिरात बाजारातून निघाली. विकलं गेलं, काढून घेतलं की थांबवलं, मला शोधता आलेलं नाही.

माझ्याच धंद्यातल्या एका मित्राशी यावरून माझं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणतो, गुप्तता मोडली की आमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. उद्या विकणारे आम्हाला दारातच उभं करणार नाहीत, आणि मग जे चुकीचं आहे ते दिसायचंही बंद होईल. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. तो माझ्यापेक्षा जास्त वर्षं या कामात आहे आणि त्यानं कधी कुणाला फसवलेलं नाही. पण मी त्याला कपाटातले ते काळे स्क्रू दाखवले आणि विचारलं, तू काय केलं असतंस? तो म्हणाला, "मी अहवाल लिहिला असता आणि पुढच्या घराकडे गेलो असतो." मला ते जमत नाही.

बाबा आता परत नाशिकला आहेत. अधूनमधून फोन करतात. मागे त्यांनी तोच 14 फुटांचा हिशेब पुन्हा केला, या वेळी थर चिकटवून केलेल्या इंजिनिअर्ड लाकडाच्या बीमचा. बीम किती उंचीचा लागेल, किती पट्ट्या, टोकाला किती उभे स्टड. मी त्यांना इथले तक्ते पाठवले. एकाच उंचीच्या दोन पट्ट्या पुरतील की तीन घ्याव्यात, यावर आम्ही अर्धा तास बोललो. ते तीनवर ठाम होते. मीही.

त्यानंतर मी माझ्या करारात एक कलम घातलं आहे. रचनेचा असा धोका सापडला, तर त्यापुरतं पान नगरपालिकेला कळवायला गिऱ्हाइकानं आधीच संमती द्यायची. बहुतेक जण न वाचता सही करतात. काही जण विचारतात, मी समजावतो, मग करतात. परवा टोरांटोच्या टॉफम पार्कमधल्या एका वॉरटाइम घरासाठी फोन आला होता. माणसानं करार वाचला, ते कलम खोडलं आणि म्हणाला, बाकी सगळं मान्य. मी ते काम घेतलं नाही.